मेकाँगवरून दोन आठवडे: हुआय साय ते चाउ डोक, बोटीने जमेल तेवढं

सुकाणू

मेकाँग म्हणजे एका तिकिटाचा प्रवास नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. "थायलंडहून बोटीत बसायचं आणि व्हिएतनामला उतरायचं" अशी कल्पना पुष्कळांची असते, पण नदीच तसं करू देत नाही. सुमारे ४,३५० किमी लांबीची ही नदी सहा देशांतून जाते आणि मध्ये दोन ठिकाणी अडते. लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या खाली सायाबुरी धरण आहे. लाओस-कंबोडिया सीमेवर खोनचे धबधबे आहेत आणि त्यांच्या खाली सांबोरपर्यंत खडकाळ पात्र. १८६६ ते १८६८ मध्ये फ्रेंचांची मोहीम चीनला जाणारा जलमार्ग शोधत याच नदीने वर गेली, तेव्हा त्यांचाही हिरमोड इथेच झाला. पुढे त्यांनी खोनच्या बेटांवर चिमुकली रेल्वे टाकून बोटी धबधब्याच्या वर चढवल्या, तो भाग वेगळा.

म्हणून प्रवास तुकड्यांनी जोडायचा. पहिला तुकडा हुआय साय (थाई सीमेवरचं लाओसी गाव) ते लुआंग प्रबांग, दोन दिवस, सलग बोट. मधला भाग रेल्वे आणि बस. मग दक्षिण लाओसात चंपासक, सी फान दोन (शब्दशः 'चार हजार बेटं') आणि कंबोडियात क्राचेह इथे छोट्या होड्या. शेवटी नोम पेन्ह ते व्हिएतनाममधलं चाउ डोक, अर्ध्या दिवसाची वेगवान बोट. नकाशावर 'क्रॅटी' वाटेल असं स्पेलिंग दिसेल, स्थानिक उच्चार क्राचेह. बसवाल्याला क्रॅटी म्हणून विचारलंत तर तो नकारार्थी मान हलवेल.

हंगाम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर लाओसात शेतं जाळतात. धुरामुळे पलीकडचा डोंगर दिसत नाही आणि पाणी उतरल्याने बोट खडकांतून जपून न्यावी लागते. जुलै ते सप्टेंबर पाणी भरपूर, पण ओंडके वाहून येतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नदीवर दाट धुकं आणि चांगली थंडी असते. बोटीच्या बाजू उघड्या असतात, त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी हाताशी ठेवा, तळात टाकलेल्या बॅगेत नको.

पहिला तुकडा: चियांग रायहून चियांग खाँगला बसने साधारण अडीच तास. मैत्री पूल (चौथा, डिसेंबर २०१३ पासून सुरू) गावापासून दहाएक किमी दक्षिणेला आहे. तो पायी ओलांडता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. पलीकडे हुआय सायचा बोटीचा घाट पुन्हा तेवढाच लांब. बोट सकाळी अकराच्या आसपास सुटते. त्याच दिवशी थायलंडहून येऊन बोट गाठता येते, पण व्हिसाच्या रांगेत एक तास गेला की सगळं फसतं. आदल्या रात्री हुआय सायला मुक्काम करा. तिकीट घाटावरच्या खिडकीवर घ्या, दर तिथे फळ्यावर लिहिलेला असतो. पुलाजवळचे दलाल तेच तिकीट चढ्या भावाने देतात.

बोट लांबलचक, अरुंद, लाकडी. आसनं जुन्या मोटारींतून काढलेली. काही फळीला पक्की असतात, काही नुसती ठेवलेली, टेकलं की मागे जातात. इंजिन शेवटाला, शौचालयही तिकडेच. त्यामुळे मागच्या दोन-तीन रांगांत आवाज, डिझेलचा वास आणि सतत ये-जा. तासभर आधी जाऊन पुढचा तिसरा हिस्सा धरा. बॅगा फळ्यांखालच्या तळात जातात आणि मध्ये काढता येत नाहीत. पाणी, औषधं, पासपोर्ट, खाऊ, सगळं वरच्या पिशवीत.

पहिल्या दिवशी सहा-सात तासांनी पाकबेंग, रात्रीचा मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास निघून सात-आठ तास. दुसऱ्या दिवशी बोट बहुतेक वेळा बदलते, म्हणजे आसनावर रुमाल टाकून जाण्यात अर्थ नाही आणि बॅगही बोटीत ठेवायची नाही.

---

प्रश्नचिन्ह

वाचनखूण साठवली. दोन शंका. बोटीत ऊन कुठल्या बाजूला येतं? आणि जलद बोटीने हेच अंतर सहा-सात तासांत होतं म्हणतात, मग दोन दिवस का घालवायचे?

---

सुकाणू

नदी आधी दक्षिणेकडे आणि मग मोठा पल्ला पूर्वेकडे वाहते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसलात तर ऊन उजवीकडे. पाक ऊच्या गुहांनंतर शेवटचा टप्पा दक्षिणेकडे वळतो, पण तोवर दुपार कललेली असते आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. सावली हवी तर डावी बाजू. पहिले काही तास उजवा काठ थायलंडचा असतो. तो बघायचा असेल तर थोडं ऊन सोसा.

जलद बोट नको. ती म्हणजे वाहनाचं इंजिन बसवलेली सपाट होडी. गुडघे छातीशी घेऊन बसायचं, हेल्मेट घालायचं, आणि खडक किंवा बुडालेला ओंडका लागला तर संपलं. पाणी उतरलेलं असताना तर मुळीच नाही.

---

पाणकोंबडी

जलद बोटीबाबत +१.

पाणीपातळीबद्दल एक भर. ती आता नुसत्या पावसावर अवलंबून नाही. वर चीनमध्ये जिंगहोंग धरण आहे. तिथून पाणी सोडलं की चियांग सेन, हुआय सायकडे पातळी एक-दोन दिवसांत बदलते. मेकाँग नदी आयोग चियांग सेन, लुआंग प्रबांग, पाक्से, स्टुंग त्रेंग, क्राचेह अशा ठिकाणांची रोजची पातळी संकेतस्थळावर देतो. निघण्याआधी आठवडाभर बघत राहिलात तर बोट रखडणार का, याचा अंदाज येतो.

दुसरं, लुआंग प्रबांगच्या वर साधारण २५ किमीवर आणखी एक धरण बांधलं जातंय, १,४६० मेगावॅटचं. बोटीची वाट त्यातूनच जाते. बोटी पार करायला तिथे जलपाश आहे, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या हौदात पाणी चढवून-उतरवून बोट पलीकडे नेण्याची सोय. बोट थेट जाणार की धरणापाशी उतरून पलीकडे दुसरी धरावी लागणार, हे हुआय सायच्या खिडकीवर तिकीट घेतानाच विचारा.

आणि वन्यजीवन. या दोन दिवसांत फार काही दिसेल अशी आशा ठेवू नका. वाळूवर म्हशी, खडकांवर नदी टिटवी, एखादा खंड्या. पाकबेंगला हत्ती दिसतात ते पाळलेले. जंगलच हवं असेल तर हुआय सायहूनच नाम कान राष्ट्रीय उद्यानात दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम असतो: झाडावरची घरं, दोरीवरून घसरणं आणि पहाटे गिबन वानरांची हाक. हाक हमखास म्हणतात, गिबन दिसण्याची हमी कोणी देत नाही. त्यासाठी वेळ वेगळा काढा.

---

पोटोबा

महत्त्वाचा विषय कोणी काढलाच नाही, म्हणून मी काढतो.

बोटीवर कपातल्या नूडल्स, वेफर्स, बिअर. बस. हुआय सायला सकाळी 'खाओ ची' म्हणजे फ्रेंच पद्धतीचा लांब पाव मिळतो. त्यात अंडं किंवा भाज्या भरून दुपारसाठी बांधून घ्या. माणशी दोन लिटर पाणी.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. लाओसमध्ये मांस नको म्हटलं तरी 'पादेक' म्हणजे आंबवलेल्या माशाचं कालवण पडतंच, कारण ते त्यांच्या लेखी मिठासारखं. म्हणून तीन वाक्यं पाठ करा: 'बो साय सीन' (मांस घालू नका), 'बो साय नाम पा' (माशाचं पाणी घालू नका), 'बो साय पादेक'. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे 'ताम माक हुंग'मध्ये, पादेक नसला तरी खेकडा असू शकतो. लुआंग प्रबांगचं 'काइपेन', म्हणजे नदीतलं शेवाळ तीळ-लसूण लावून वाळवून तळलेलं, बिनधास्त खा. पण सोबतची लाल चटणी 'जेओ बाँग' खाऊ नका, तिच्यात म्हशीची वाळवलेली कातडी असते. दिसायला ती आपल्या ठेच्यासारखी, म्हणून हात आपोआप जातो.

कंबोडियात 'प्राहोक' हा पादेकचाच भाऊ. 'ओत साच, ओत त्रेय' म्हणजे मांस नको, मासा नको. व्हिएतनाममध्ये सुटका होते. 'चाय' असं लिहिलेली खाणावळ पूर्ण शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांस टाळतात, तेव्हा एरवीच्या टपऱ्यांवरही चाय जेवण मिळतं.

घरून दाण्याची चटणी आणि मेतकूट न्या. चिकट भात, म्हणजे 'खाओ निआओ', बांबूच्या डब्यात मिळतो. त्याचा लाडू वळून चटणीत बुडवा. जगात कुठेही उपाशी राहणार नाही.

---

भग्नशिल्प

देवळांचं मी लिहितो.

लुआंग प्रबांग १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वेळ एकाच देवळापुरता असेल तर वाट सिएंग थाँग. राजा सेट्ठाथिराटने १५५९-६० मध्ये बांधलं. १८८७ मध्ये शहर लुटून जाळलं गेलं, त्यातून वाचलेल्या थोड्या वास्तूंपैकी हे एक. छपराच्या पाख्या थरांथरांनी जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतात. ते समोरून कळत नाही, कोपऱ्यात उभं राहून बघा. मागच्या भिंतीवरचं काचतुकड्यांचं झाड मात्र अलीकडचं, विसाव्या शतकातलं.

पहाटेची भिक्षाफेरी हा देखावा नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं, फ्लॅश नाही, भिक्खूंच्या वाटेत जायचं नाही. प्रवाशांना तयार भाताच्या परड्या विकणारे असतात, त्यांच्याकडून घेऊन रांगेत बसू नका. द्यायचंच असेल तर मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगा, ते ताजा भात शिजवून देतात आणि कसं द्यायचं तेही दाखवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

पाक ऊच्या गुहा नाम ऊ आणि मेकाँगच्या संगमासमोर, शहरापासून २५ किमी वर. हजारो लहानमोठ्या बुद्धमूर्ती. रोजची प्रवासी बोट तिथे थांबत नाही, समोरून निघून जाते. शहरातून परत वेगळी होडी करावी लागते. खालच्या गुहेत उजेड असतो, वरचीला विजेरी लागते.

पण मराठी माणसाने खरा वेळ द्यावा तो वाट फूला, चंपासकला. लोक लुआंग प्रबांगहून थेट बेटांवर पळतात आणि हे गाळतात. मागच्या डोंगराच्या माथ्यावर नैसर्गिक सुळका आहे, म्हणून त्याचं नाव लिंगपर्वत. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून लिंगावर अखंड धार धरलेली होती. आपल्याकडे गळती बांधतात तीच कल्पना, फक्त इथे गळती म्हणजे अख्खा डोंगर. झरा आजही चालू आहे. जवळच्या प्राचीन नगराच्या जागी देवानीक राजाचा पाचव्या शतकातला संस्कृत शिलालेख सापडला. त्यात त्याने या ठिकाणी कुरुक्षेत्र नावाचं तीर्थ स्थापल्याचं म्हटलंय. उभी आहेत ती बांधकामं मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांतली. दारांवरच्या दगडी पट्ट्यांवर कंसाला फाडणारा कृष्ण आणि ऐरावतावरचा इंद्र, गाभाऱ्यामागच्या कातळावर त्रिमूर्ती. आत मात्र आता बुद्ध आहे आणि लोक त्याचीच पूजा करतात. २००१ पासून जागतिक वारसा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही इथे जीर्णोद्धाराचं काम केलंय.

जायचं कसं: पाक्सेहून चंपासक गाव ३०-४० किमी, गावातून देऊळ आठ-दहा किमी, सायकलने सपाट रस्ता. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सकाळी आठलाच पोचा. चाफ्यांमधून जाणाऱ्या पायऱ्या उंच, झिजलेल्या आणि पावसात निसरड्या. चप्पल नको, पकड असलेला बूट हवा. उतरताना नितंबावर बसून उतरणारे पुष्कळ दिसतात, त्यात लाज नाही.

अवांतर: 'मेकाँग म्हणजे मा गंगा' हे सगळे सांगतात. 'मे' म्हणजे आई आणि 'मे नाम' म्हणजे नदी, इथपर्यंत ठीक. पुढची गंगा भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरेलच असं नाही. चूभूद्याघ्या.

---

प्रश्नचिन्ह

लुआंग प्रबांग ते पाक्से मधला भाग कसा करायचा? डॉल्फिन सी फान दोनला बघायचे की क्राचेहला? जुन्या लेखांत दोन्ही आहे.

---

सुकाणू

लुआंग प्रबांग ते विएंतियान रेल्वेने, सुमारे दोन तास. लाओस-चीन रेल्वे, ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. स्थानक शहराबाहेर आहे आणि तपासणी विमानतळासारखी. चाकू आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात: डिओ, डास मारण्याचा फवारा, दाढीचा फेस. मलमाच्या स्वरूपात घ्या. विएंतियान ते पाक्से रात्रीची बस, दहा-बारा तास. बिछाने दोघांत एक असतात. एकटे असाल तर शेजारी अनोळखी माणूस झोपतो. ते नको असेल तर दोन्ही जागांचे पैसे भरा किंवा विमान घ्या.

डॉल्फिनचं पाणकोंबडी सांगतील.

---

पाणकोंबडी

लाओसच्या बाजूला आता डॉल्फिन नाहीत. सीमेवरच्या डोहातला शेवटचा २०२२ च्या सुरुवातीला मेला. तरीही डॉल्फिनचं चित्र असलेल्या पाट्या दिसल्या तर फसू नका. गिलनेट नावाच्या मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणं हे मुख्य कारण.

बघायचे ते क्राचेहच्या वर १५ किमीवर कांपीला. इरावडी डॉल्फिन, आपल्या चिल्का सरोवरात आहे तीच जात. चोच नाही, डोकं गोल, उडी मारत नाही. पाठ आणि बोथट पर क्षणभर दिसतात आणि फुस्स आवाज येतो. गणनेत २०२० मध्ये ८९ निघाले, २०२४ मध्ये १०५. जानेवारी ते मे पाणी कमी असतं, तेव्हा ते खोल डोहांत एकवटतात आणि हमखास दिसतात. पहाटे किंवा चारनंतर जा. डोहाशी पोचल्यावर नावाड्याला इंजिन बंद करून वल्ही मारायला सांगा. मोठी लेन्स नसेल तर फोटोच्या नादी लागू नका.

त्याच होडीतून खडक आणि झुडपांवर मेकाँग धोबी हा पक्षी शोधा. काळा-पांढरा, २००१ मध्ये प्रथम वर्णन झालेला, याच नदीच्या खालच्या खोऱ्यातला. पक्षीवाल्यांना डॉल्फिनपेक्षा तोच मोठा. तिथून आणखी वर सांबोरच्या शंभर खांबी देवळात कॅन्टर जातीच्या मऊ पाठीच्या महाकाय कासवांचं संवर्धन केंद्र आहे. याच पट्ट्यात, स्टुंग त्रेंगजवळ, जून २०२२ मध्ये ३०० किलोचा पाकट सापडला होता. नोंद झालेला गोड्या पाण्यातला सर्वांत मोठा मासा. मोजून, खूण लावून सोडून दिला.

सी फान दोन टाळा असं मात्र नाही. खोन फाफेंग धबधबा बघाच. उंचीने काही नाही, वीसेक मीटर, पण पाण्याचा लोंढा बघून फ्रेंचांनी हात का टेकले ते कळतं. दोन देत आणि दोन खोन ही बेटं जुन्या रेल्वेच्या पुलाने जोडलेली आहेत, सायकलने दिवसभरात होतात.

पोहण्याबद्दल: सी फान दोनपासून क्राचेहपर्यंत संथ, उथळ पाण्यात उतरू नका. इथल्या गोगलगायींतून शिस्टोसोमा मेकाँगी नावाचा परजीवी पाण्यात येतो आणि न कापलेल्या, न खरचटलेल्या कातडीतूनही आत शिरतो. पाणी कमी असतं त्या महिन्यांत धोका जास्त, म्हणजे नेमका प्रवाशांचा हंगाम. उतरलाच असाल तर परतल्यावर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांना या परजीवीचं नाव सांगून तपासणी करा. औषध आहे, पण साध्या तापाच्या तपासण्यांत तो सापडत नाही.

---

सह्यसरडा

व्हिसाचं कोणीच लिहिलं नाही.

थायलंड: डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचं, विमानात बसण्याआधी भरा. लाओस: भारतीय पासपोर्टवर पुलावर व्हिसा मिळतो. एक फोटो आणि डॉलर रोख. नोट फाटकी, दुमडलेली किंवा शाई लागलेली नको. लाओस-कंबोडिया दोन्हीकडे परत करतात. कंबोडिया: ई-व्हिसा घेऊन ठेवा. व्हॅनचा पोऱ्या "पासपोर्ट द्या, मी करून आणतो" म्हणाला तर नको म्हणा, स्वतः रांगेत उभे राहा. शिक्क्यासाठी सुटे एक-दोन डॉलर मागितले जातात.

व्हिएतनाम: ई-व्हिसा आधीच काढावा लागतो. अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडताना सोंग तिएन निवडा. नोम पेन्हहून येणारी बोट तिथेच शिक्के मारून घेते. सवयीने हो ची मिन्हचा विमानतळ निवडलात तर नदीवर अडवतील.

आणि कंबोडियाहून रस्त्याने थायलंडला परतायचा बेत करू नका. २०२५ मधल्या संघर्षात त्या दोघांमधल्या भूसीमा बंद झाल्या. परतीचं विमान हो ची मिन्हहून घेणं सोयीचं, मुंबईला थेट उड्डाणं आहेत.

---

भग्नशिल्प

नोम पेन्हबद्दल एवढंच. राजवाड्यासमोरच्या काठाला 'चाक्तोमुक' म्हणतात, म्हणजे आपलं चतुर्मुख. वरची मेकाँग, खालची मेकाँग, तोन्ले साप आणि बासाक अशा चार वाटा तिथे भेटतात. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तोन्ले साप नदी उलटी वाहते आणि त्याच नावाच्या तळ्यात पाणी भरते. तळं पाच-सहा पट पसरतं. पाऊस सरला की पुन्हा सुलटी. नोव्हेंबरच्या पौर्णिमेचा होड्यांचा उत्सव त्याच सुमाराचा. त्या तीन दिवसांत मुक्कामाची जागा मिळणं कठीण.

---

प्रश्नचिन्ह

शेवटचं. चाउ डोकला पोचून लगेच पुढे जावं का? तरंगता बाजार अजून आहे ना?

---

सुकाणू

बोट दुपारी बाराच्या पुढे निघते, चार-पाच तास लागतात, म्हणजे चाउ डोकला संध्याकाळ. मुक्काम कराच. सकाळी त्रा सूचं मेलालुका झाडांचं जंगल, गावापासून वीसेक किमी. हिरव्या शेवाळातून वल्ह्याची होडी जाते. तिरंदाज आणि चित्रबलाक हे पक्षी, शिवाय वटवाघळं दिसतात. पाणी सप्टेंबर ते नोव्हेंबर सर्वांत छान, फेब्रुवारीनंतर उतरतं.

तरंगता बाजार काइ रांगचा, पुढे कान थो शहराजवळ. आहे, पण खूप आटलाय. रस्ते आणि पूल झाल्यावर माल ट्रकने जाऊ लागला. उरलेल्या घाऊक होड्या पहाटे पाच ते सात या वेळेतच दिसतात. आठला पोचलात तर फक्त प्रवाशांच्या होड्या एकमेकींचे फोटो काढताना दिसतील. कान थोला रात्रीच मुक्कामाला या आणि होडी पहाटे पाचची ठरवा. होडीच्या बांबूला जे फळ टांगलेलं असेल तेच त्या होडीत विकायला असतं. अननस टांगलेली होडी दिसली की थांबवा, तिथेच सोलून देतात.